सेहेचाळीस बाई

दातार बाईंची आणि माझी पहिली भेट एका कांद्यावरून झाली.

इस्लामपूरच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात, एक नवं कॉलेज निघालं होतं. त्याचं नाव सांगत नाही, कारण पुढे त्याची थोडी फजिती सांगायची आहे. सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी मराठी शिकवायला रुजू झाले त्या सकाळी कोरेगावहून एसटीनं हादरत आले होते आणि घसा कोरडा पडला होता. स्टाफरूमच्या खिडकीत काचेचे आठ-दहा पेले ओळीनं मांडलेले, प्रत्येकात पाणी आणि प्रत्येकाच्या तोंडावर एकेक कांदा. झाकणं हरवली असतील म्हणून कांदे ठेवले, असं समजून मी त्यातला एक उचलला आणि ताजं भरून प्यावं म्हणून पेल्यातलं पाणी खिडकीबाहेर फेकलं.

"ठेवा! खाली ठेवा तो! आडवा नको, उभा!"

दारात एक बुटक्या बाई उभ्या होत्या. सुती नऊवारी नाही, पण तितकंच घट्ट नेसलेलं पाचवारी. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. उजव्या हाताचा अंगठा लालभडक. त्यांनी माझ्या हातातला कांदा काढून घेतला, त्याच्या बुडाला फुटलेल्या पांढऱ्या मुळ्या डोळ्यांजवळ नेऊन पाहिल्या आणि सुटकेचा श्वास टाकला.

"ह्याच्या पेशी आत्ता ह्या क्षणी विभागत आहेत," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही त्याला तहानेनं मारत होता. कोण तुम्ही?"

मी नाव सांगितलं. मराठी विभाग, असंही सांगितलं.

"हां. मग ठीक आहे," असं म्हणून त्यांनी मला माफ केलं. त्या माफीत मराठी विभागाबद्दल त्यांचं जे मत होतं, ते पुढे दहा वर्षांत फारसं बदललं नाही.

बाई मूळच्या वाईच्या, सासर साताऱ्याचं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या, म्हणजे कागदोपत्री. प्रत्यक्षात कुठलाही धडा काढला तरी पंधराव्या मिनिटाला गाडी गुणसूत्रांवर यायची. शेवाळ असो, नेचा असो, झेंडू असो. "हे सगळं वरवरचं," बाई म्हणायच्या, "आत काय लिहिलंय ते बघा." आणि मग माणसाच्या पेशीत सेहेचाळीस गुणसूत्रं, तेवीस आईकडून, तेवीस बापाकडून, हे यायचंच. पोरांनी त्यांचं नाव 'सेहेचाळीस बाई' पाडलं होतं. बाईंना ते माहीत होतं आणि त्यांचा आक्षेप एवढाच होता की नाव अपुरं आहे. "रक्तातल्या तांबड्या पेशींत एकही नसतं, हे विसरू नका," असं त्या नाव पाडणाऱ्यालाच बजावायच्या.

ह्या आकड्याशी त्यांचं एक जुनं भांडण होतं. त्या स्वतः कॉलेजात शिकत होत्या तेव्हा पुस्तकात माणसाची गुणसूत्रं अठ्ठेचाळीस दिली होती. बाईंनी परीक्षेत अठ्ठेचाळीस लिहिली आणि पहिल्या आल्या. पुढे काही वर्षांनी कुणीतरी परदेशात नीट मोजली, तर सेहेचाळीसच भरली. हा धक्का बाईंच्या मनातून कधी गेला नाही. "इतकी वर्षं इतक्या लोकांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं," त्या सांगायच्या, "आणि सगळ्यांना अठ्ठेचाळीसच दिसली. कारण पुस्तकात अठ्ठेचाळीस होती!" कॉलेजच्या ग्रंथालयात जुनी पुस्तकं बरीच होती. बाई रोज दुपारचा डबा संपवून तांबडं पेन घेऊन तिथे बसायच्या आणि जिथे जिथे अठ्ठेचाळीस सापडेल तिथे खोडून सेहेचाळीस करायच्या. ग्रंथपाल सुरुवातीला ओरडले, मग दमले. एकदा बाईंनी घाईघाईत एका भूगोलाच्या पुस्तकातलाही अठ्ठेचाळीस खोडला. तो कुठल्याशा गावाच्या तापमानाचा होता.

कांद्याच्या मुळ्या सकाळीच कापायच्या असतात, त्या वेळी पेशी जोरात विभागत असतात, अशी बाईंची पक्की समजूत. त्यामुळे साडेआठला बाईंना कुणी अडवलेलं चालत नसे. एकदा प्राचार्यांनी त्याच वेळी तातडीची बैठक बोलावली. बाई पाच मिनिटं बसल्या आणि उठल्या. प्राचार्य म्हणाले, "बाई, अजून विषय झालेला नाही." बाई म्हणाल्या, "सर, तुमचा विषय दुपारी पण होईल. कांदा थांबायचा नाही." मुळीचं टोक लाल रंगात बुडवायचं, स्पिरिटच्या दिव्यावर जरा गरम करायचं, काचेखाली ठेवून टिपकागदावरून अंगठ्यानं दाबायचं, की एकेक गुणसूत्र सुटं दिसतं. म्हणून तो अंगठा लाल. एसटीत बायका विचारायच्या, "आवं बाई, येकाच बोटाला मेंदी का वो?" आणि इस्लामपूर येईपर्यंत त्या बायकांना आपल्या पोटातलं पोर कुठल्या हिशेबानं घडतं ते कळलेलं असायचं, त्यांची इच्छा असो वा नसो.

उत्परिवर्तन, म्हणजे आतल्या मजकुरात अचानक होणारा बदल, शिकवायला बाईंना कॉलेजच्या हेडक्लार्कची फार मदत झाली. ते सगळ्या सूचना हातानं लिहून फळ्यावर लावायचे आणि एका सूचनेच्या चार प्रती काढताना काहीतरी हमखास बदलायचं. 'विद्यार्थ्यांनी वाचनालयात शांत बसावे' ह्याची तिसरी प्रत 'संत बसावे' अशी निघाली. बाईंनी ती फळ्यावरून काढून थेट वर्गात नेली. "बघा. पेशी दुप्पट होताना असाच मजकूर उतरवून घेते. चारच अक्षरं आहेत तिच्याकडे, पण मजकूर लांबलचक. कधी एखादं अक्षर चुकतं. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही. काहींनी बिघडतं. आणि क्वचित एखादी अशी निघते." पुढच्या महिन्यात 'सायकली झाडाखाली न लावाव्यात' ह्यातला 'न' गळाला आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातल्या यच्चयावत सायकली त्या एका झाडाखाली आल्या. बाईंना एवढा आनंद झाला की त्यांनी हेडक्लार्कना जाऊन शाबासकी दिली. त्या बिचाऱ्यांनी महिनाभर सूचनाच लिहिल्या नाहीत.

कॉलेजची फजिती म्हणाले ती प्रयोगशाळेच्या उद्घाटनाची. बाईंनी डीएनएची पुरुषभर उंचीची प्रतिकृती करून घ्यायची ठरवली. पिळलेल्या शिडीसारखा आकार, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या, मधे चार रंगांच्या पायऱ्या. गावच्या सुतारानं महिनाभर खपून ती केली आणि खरोखर देखणी केली. उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे आले, हारतुरे झाले, आणि पडदा ओढायच्या आधी बाईंनी शेवटची म्हणून पडद्याआड एक नजर टाकली. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

डीएनएचा पीळ उजवा असतो, साध्या स्क्रूच्या आट्यासारखा. प्रतिकृतीचा पीळ डावा होता. बाईंनी आकृती पातळ कागदावर काढून दिली होती आणि सुतारानं कागद उलटा धरला होता.

"कुणाला कळणार आहे?" मी कानात म्हटलं.

"मला कळलं आहे ना," बाई म्हणाल्या.

त्या माइकपाशी गेल्या आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "आज आपण जे पाहणार आहोत ते चुकीचं आहे." पाहुणे गोंधळून प्राचार्यांकडे पाहू लागले. प्राचार्य छताकडे पाहू लागले. तेवढ्यात बाईंनी मुलींच्या खोलीतला आरसा आणायला पाठवलं होतं. तो आला, दोन प्राध्यापकांनी तो प्रतिकृतीसमोर तिरका धरला आणि बाई पाहुण्यांना म्हणाल्या, "आपण कृपया इकडे पाठ करून आरशात पाहावं. आरशातला बरोबर आहे." पाहुण्यांनी फेटा सावरत आरशात पाहिलं. त्यांना आधी स्वतःचंच तोंड दिसलं असावं, कारण त्यांनी मिशी नीट केली. मग डीएनए दिसला. "वा," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून बाईंनी सगळी शिडी सोडवली आणि उजवी करून घेतली. चूक आपल्या कागदाची होती, हे मात्र त्यांनी त्याला आधी सांगितलं.

बाईंचे यजमान साताऱ्यात शाळेत ड्रॉइंग सोडून सगळं शिकवत. ड्रॉइंग का सोडून, त्याचं कारण असं की त्यांना तांबडा आणि हिरवा यांतला फरक कळत नसे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी बायकोसाठी मोठ्या हौसेनं 'डाळिंबी' लुगडं आणलं, ते गर्द हिरवं निघालं. दुसरी एखादी रुसली असती. बाईंनी त्यांना समोर बसवून पाच प्रश्न विचारले, मग सासूबाईंना त्यांच्या भावांबद्दल विचारलं, आणि निदान जाहीर केलं: हा रंगांधळेपणा आईकडून मुलाला येतो. सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत.

पुढे दर वर्षी बाई यजमानांना एक दिवस रजा काढायला लावून साताऱ्याहून कॉलेजात आणायच्या. ते इस्त्रीचा सदरा घालून वर्गात खुर्चीवर बसत. बाई रंगीत ठिपक्यांचं एक पुस्तक त्यांच्यासमोर धरत. ठिपक्यांत लपलेला आकडा सगळ्या वर्गाला दिसे, त्यांना दिसत नसे. "काय दिसतं?" "काही नाही." "बघा मुलांनो." असं तीन वर्षं नीट चाललं. चौथ्या वर्षी बाईंनी पान उघडलं, "काय दिसतं?" आणि यजमान ठामपणे म्हणाले, "चौऱ्याहत्तर."

बरोबर होतं. वर्ग चकित. बाई चकित. यजमानांच्या चेहऱ्यावर मात्र पास झालेल्या मुलाचं समाधान. दर वर्षी मुलं मागून कुजबुजायची ते आकडे त्यांनी पाठ करून ठेवले होते. "विज्ञानात पाठांतर चालत नाही!" बाई भर वर्गात त्यांच्यावर ओरडल्या. ते शांतपणे म्हणाले, "अगं, दर वर्षी नापास व्हायचं म्हणजे बरं दिसत नाही."

असं सगळं हसण्यावारी चाललेलं असायचं. पण एक प्रसंग असा आहे की त्यात मी हसले नाही, बाईही हसल्या नाहीत.

हणमंतराव आमच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. पन्नाशीचे, सूक्ष्मदर्शकाची भिंगं पोटच्या पोरांसारखी पुसणारे. एका आठवड्यात त्यांनी दोन काचपट्ट्या फोडल्या आणि रंगाची बाटली उघडी ठेवली. मी तिथेच बसले होते. बाईंनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "काय झालंय?"

हणमंतरावांनी बराच वेळ फडकं पिळलं. मग म्हणाले, "बाई, सुमनला म्हागारी धाडलीया."

सुमन त्यांची लेक. तिला त्यांनी स्वतःच्या थोरल्या बहिणीच्या मुलाला दिली होती, कडेगावच्या बाजूच्या एका गावात. नवरा तानाजी, फौजेत. सुमनला मुलगी झाली ती पांढरीफटक. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, डोळे फिकट आणि सारखे हलणारे. गाव बोलायला लागलं. नवरा सरहद्दीवर आणि पोर साहेबासारखं गोरं, मग अर्थ काय घ्यायचा तो लोकांनी घेतला. आणि सख्ख्या आत्यानं, म्हणजे हणमंतरावांच्या बहिणीनं, बाळंतिणीला चाळीस दिवसांत माहेरी आणून सोडली. आता तानाजी रजेवर येणार होता.

बाईंनी दोनच प्रश्न विचारले. "तानाजीची आई तुमची सख्खी बहीण? एकाच आईबापांची?" हणमंतराव म्हणाले, "व्हय." बाई खुर्चीवरून उठल्या. "रविवारी जाऊ," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "तुम्हीही चला. मी बोलते ते त्या लोकांना कळत नाही. तुम्ही त्यांच्यातल्या आहात." हा मराठी विभागाचा पहिला गौरव.

बाईंनी वर्गासाठी पत्र्याच्या तबकात मका पेरला होता. त्या बियाण्यातून हिरवी रोपं यायची आणि तीन हिरव्यांमागे साधारण एक अगदी पांढरं. ते तबक मांडीवर घेऊन बाई एसटीत बसल्या. शेजारी मी, पुढच्या बाकावर हणमंतराव आणि सुमन, सुमनच्या पदराखाली बाळ. "बाळ न्यायलाच हवं," बाईंनी बजावलं होतं. "नमुना समोर नसताना बोलण्यात अर्थ नाही." नमुना हा शब्द मी सुमनच्या कानावर जाऊ दिला नाही.

तानाजीच्या घराच्या सोप्यात त्याचे वडील, म्हणजे हणमंतरावांचे दाजी, बसले होते. तानाजी आदल्याच दिवशी आलेला, खाकी पँट आणि बनियन, खांबाला टेकून उभा. त्याची आई, म्हणजे हणमंतरावांची अक्का, आतल्या दाराच्या चौकटीत. कुणी बसा म्हणालं नाही. बाई बसल्या. तबक मधे ठेवलं.

"हे पाहा," त्यांनी सुरुवात केली. "रंगद्रव्य निर्माण करणारं जनुक..."

मी मधेच बोलले. "दाजी, ह्या पांढऱ्या रोपांचं आईबाप हिरवंच हुतं. आतनं दोघांत बी पांढरा गुण दडल्याला हुता, निम्मा निम्मा. दोन्ही निम्मं येका बियात आलं की रोप पांढरं उगावतं."

दाजींनी वाकून पाहिलं. शेतकरी माणूस, मक्याशी बोलताना त्यांची जीभ सुटली. "आमच्या मक्यात बी निघत्यात की असली येखाददुसरी." मग ते थांबले. "पर ती जगत न्हाईत. धा दिसांत मरत्यात."

सुमननं बाळ छातीशी घट्ट धरलं. दाजींनी नातीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मग हे बी..."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आपलं उदाहरण असं उलटेल हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी त्यांना इतकी गडबडलेली कधी पाहिली नव्हती. त्यांनी चष्मा काढला, घातला. आणि पहिल्यांदाच त्या साध्या बोलल्या.

"नाही हो, नाही. रोप उन्हावर जेवतं. हिरवा रंग नसला तर त्याला उन्हातून अन्न करता येत नाही, म्हणून ते उपाशी मरतं. तुमची नात दूध पिते. ती जगेल, मोठी होईल. फक्त ऊन सोसायचं नाही तिला, आणि नजर जरा अधू राहील. शाळेत पहिल्या बाकावर बसवा."

"शाळंत?" दाजी म्हणाले. नात शाळेत जाईल हा विचार त्या घरात तेव्हा पहिल्यांदा आला असावा.

मग बाईंनी खडू काढला आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर चौकोन आणि वर्तुळं काढायला लागल्या. पुरुष चौकोन, बाई वर्तुळ. हे तानाजी, ही सुमन, हे हणमंतराव, ह्या अक्का. त्यांच्या वर त्यांचे आईबाप. "हा गुण सुमनकडून निम्मा आला आणि तानाजीकडून निम्मा. दोघांकडे तो एकाच घरातून आला असणार, इथून." त्यांनी वरच्या जोडीवर बोट ठेवलं. "तुम्ही भावंडं किती?"

"आमी दोघंच," अक्का दारातून म्हणाल्या.

"लहानपणी कुणी गेलं?"

"न्हाई."

हणमंतराव जमिनीकडे बघत म्हणाले, "अक्का, माझ्या आधी येक हुतं की. आय म्हनायची."

"तुला काय ठावं? तू जल्मला बी नव्हतास."

"कशी होती ती?" बाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात ना आरोप होता ना दया. कांद्याच्या मुळीबद्दल विचारावं तसं त्यांनी विचारलं. मला वाटतं, त्यामुळेच घडलं. एवढी वर्षं कुणी रागावून किंवा रडून विचारलं असतं तर अक्कांनी सांगितलं नसतं.

अक्का चौकटीतच खाली बसल्या. "अशीच हुती," त्या म्हणाल्या. "अशीच. केस कापसावानी. आयनं तिला भायेर काडलीच न्हाई. कुनाला दावली न्हाई. दीड वरसाची हून गेली, तवा आय मला म्हनली, कुनाला बोलू नगंस, तुझं लगीन व्हायाचं न्हाई. मी सात वरसाची हुते." मग त्यांनी सुमनकडे पाहिलं. "हिची पोर बगितली आन् मला समदं ठावं हुतं. मला ठावं हुतं गं. पर आता सांगितलं तर माझ्या धाकट्या लेकीला कोन करील, म्हनून..."

सुमननं बाळासकट अक्कांकडे पाठ केली.

तानाजी इतका वेळ खांबाजवळ होता. तो पुढे आला, बाईंसमोर उकिडवा बसला आणि सरळ विचारलं, "बाई, येकच सांगा. पोर माझंच हाय न्हवं?"

बाईंनी घसा खाकरला. "अप्रभावी जनुकाची उपस्थिती दोन्ही पालकांकडून अनिवार्य असल्यामुळे आणि आपल्या मातुल घराण्यात त्याचा पुरावा मिळाल्यामुळे, आपल्या पितृत्वाची शक्यता अतिशय बळावते, परंतु ह्याला निर्णायक पुरावा म्हणता येणार नाही."

तानाजीनं माझ्याकडे पाहिलं.

"बाई म्हनत्यात," मी म्हटलं, "तुझंच हाय."

बाईंनी झटकन मान वळवली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण त्यांनी माझं वाक्य खोडलं नाही.

तानाजी उठला, सुमनपाशी गेला. हात पँटला पुसले आणि बाळ घेतलं. ते डोळे मिचकावत होतं. "नाव ठिवलं?" त्यानं विचारलं.

"न्हाई," सुमन म्हणाली. "बाप आल्याबिगर कसं ठिवायचं?"

परतीच्या एसटीत आम्ही दोघीच होतो. हणमंतराव त्या रात्री सुमनबरोबर तिथेच राहिले. बाईंनी तबक पुन्हा मांडीवर घेतलं.

"तुम्ही माझ्या वाक्यातला 'परंतु' खाल्लात," त्या म्हणाल्या.

"हो."

"त्या 'परंतु'साठी मी वीस वर्षं शिकले आहे."

"बाई, ते भाषांतर होतं."

"भाषांतर नव्हे. प्रत काढताना झालेली चूक." त्यांनी तबकातल्या मक्याची माती नीट दाबली. कासेगावचा फाटा गेल्यावर त्या पुन्हा बोलल्या. "वर्गात असं करू नका." आणि इस्लामपूरच्या स्टँडवर उतरता उतरता, जणू तिसऱ्याच कुणाला सांगावं तशा, "खरं म्हणजे शक्यता फारच बळकट होती."

मुलीचं नाव मंगल ठेवलं. बारशाला बाईंना बोलावणं आलं होतं, पण त्या दिवशी मुळ्या कापायच्या होत्या म्हणून त्या गेल्या नाहीत. सुमन मात्र त्या रविवारनंतर सासरी राहिली नाही, वडिलांबरोबर माहेरी परतली. तीन महिने तिनं अक्कांना वाट पाहायला लावली आणि शेवटी अक्का स्वतः येऊन, भावाच्या दारात उभं राहून, तिला घेऊन गेल्या. बाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे जनुकांत नसतं. हे त्या मुलीचं स्वतःचं."

दशक सरता सरता बाईंची बदली साताऱ्याला झाली. निरोपसमारंभात त्यांनी भाषणाऐवजी प्रश्न विचारले आणि उत्तर न आलेल्यांची नावं लिहून घेतली. पत्रं लिहिणं त्यांना माहीत नव्हतं. माझ्या दोन पत्रांना त्यांनी एकच कार्ड पाठवलं. त्यात माझ्या पत्रातल्या एका शास्त्रीय चुकीची दुरुस्ती होती आणि सही.

त्यानंतर त्यांना मी एकदाच पाहिलं. सांगलीला हरभट रोडवर एका चष्म्याच्या दुकानात काच बदलायला टाकली होती, ती घ्यायला गेले. कडक दुपार होती. आत काउंटरवर एका सहा-सात वर्षांच्या मुलीला बसवलं होतं. पांढऱ्या शुभ्र केसांच्या दोन वेण्या, लाल रिबिनी, लांब बाह्यांचं पोलकं. समोर दातार बाई, एकेक काळा चष्मा तिच्या नाकावर चढवत आणि नापसंत करत. दुकानदार घामाघूम झाला होता. सुमन बाकावर बसून हे सगळं सवयीनं पाहत होती. तिनंच मला ओळखलं आणि हळूच सांगितलं, "दर साली येत्यात. नंबर बदलतो न्हवं पोरीचा. साताऱ्याहून येत्यात."

कुणाला बोलल्या नव्हत्या त्या. मला कार्डातही नाही.

अखेर एक चष्मा बसला. मंगलनं मान इकडे तिकडे वळवून सगळं दुकान पाहिलं, मग बाईंच्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"आजी," ती म्हणाली, "तुमी लय काळ्या दिसताय."

"उत्तम," बाई म्हणाल्या. "निरीक्षण बरोबर आहे. कारण सांग."

मंगल विचार करायला लागली. बाईंनी तिला खाली उतरवलं, छत्री उघडली, आणि माझ्याकडे वळून, आपण कालच भेटलो असल्यासारखं, "आमची साडेतीनची गाडी आहे," एवढंच म्हणाल्या. त्या तिघी रस्त्यावर उतरल्या. मी दारात उभी राहून पाहत होते. बाईंनी छत्री अख्खी त्या पोरीवर धरली होती, स्वतः पूर्ण उन्हात, डोक्यावर पदरसुद्धा नाही. आणि पोर मधेच थांबून काहीतरी उत्तर देत होती, ते चुकीचं असावं, कारण बाई भर रस्त्यात उभ्या राहून हात हलवत तिला समजावत होत्या आणि मागची टांग्यांची रांग खोळंबली होती.